‘फक्त पोती उतरवली’ म्हणजे काय?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्यात शिक्षा भोगून आलेल्या एकाची मुलाखत वाचली. ती छापायलाच नको होती, असं माझं म्हणणं नाही. पण तुमच्या प्रतिनिधीने त्याला तीनदा ‘आरोपी’ म्हटलं आहे. आरोपी तो निकाल लागेपर्यंत होता. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने ज्या १०० जणांना दोषी ठरवलं, त्यांतला तो एक. आणि ‘त्याचा सहभाग किरकोळ होता, त्याने शेखाडीला फक्त पोती उतरवली’ हे वाक्य कोणाचं, त्याचं की तुमचं? अवतरणचिन्ह तर दिलेलं नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला फेब्रुवारीत उतरलेलं आरडीएक्स वांगणी टॉवरपर्यंत कुणीतरी उचलूनच नेलं ना? त्याआधी जानेवारीत दिघीला उतरलेला माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवला होता. पैसे ठरले, गाड्या सुटल्या. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं थोडंथोडंच केलं. माणसं गेली २५७, त्यांतली ११३ एकट्या वरळीच्या सेंच्युरी बाजारपाशी.

‘किरकोळ’ हा शब्द आमच्या घरात जुना आहे. त्या शुक्रवारी बाबा दुसऱ्या पाळीला निघाले होते, सेंच्युरी बाजारच्या अलीकडे बसमधून उतरत होते. रात्री इस्पितळातून घरी सोडताना केसपेपरवर लिहिलं, ‘किरकोळ जखमी’. कपाळाला चार टाके होते, तेवढंच दिसत होतं. उजवा कान कायमचा गेलाय हे आम्हाला महिन्याभराने कळलं. आईने हाक मारली की ते भलत्याच बाजूला बघायचे. पुढे नुकसानभरपाईसाठी आई आणि मी ज्या ज्या खिडकीशी उभे राहिलो, तिथला कारकून त्याच शब्दावर बोट ठेवून कागद परत सरकवायचा. शेवटी बाबांनीच फाइल सुतळीने बांधून माळ्यावर टाकली. त्यांची मुलाखत घ्यायला कधी कुणी आलं नाही, आणि आता ते नाहीत.

आणखी एक. दादरच्या प्लाझा थिएटरचा म्हणून छापलेला फोटो शेअर बाजाराच्या इमारतीचा आहे. दादरमध्ये वाढलेल्या कुणालाही तो पाहताक्षणी कळतो. छापण्याआधी एकाला तरी विचारायचं होतं.

‘आरोपी’ आणि ‘किरकोळ’ या दोन्ही शब्दांची दुरुस्ती पुरवणीच्या त्याच पानावर, ठळक छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळी नकोत.

– एक वाचक, दादर