पेपर किती झाले, विचारलंत ना बाबा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पेपर किती झाले गं?" माझ्या छापून आलेल्या शोधनिबंधांचा आकडा ऐकून तुम्ही गप्प झालात ते मला जाणवलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

मॉन्ट्रियलला आल्यापासून मी फिटसाठीच्या मेंदूच्या ऑपरेशनांवरचे जुने पेपर मुळातून वाचायला लागले. त्यातला एक तुम्हाला सांगते. विल्यम स्कोव्हिल हे अमेरिकेत हार्टफर्डला न्यूरोसर्जन, म्हणजे मेंदूचे सर्जन होते. १९५३ साली त्यांनी २७ वर्षांच्या एका तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (कानशिलाच्या आत खोलवर असलेला मेंदूचा छोटा भाग) आणि त्याच्या आसपासचा भाग काढला. भरपूर औषधं देऊनही त्याच्या फिट थांबत नव्हत्या, मोटार वाइंडिंगचं काम करणं अशक्य झालं होतं. ऑपरेशननंतर फिट बऱ्याच कमी झाल्या, पण नवीन काही लक्षातच राहीना.

इकडे मॉन्ट्रियलला न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्या दोन रुग्णांना फक्त एकाच बाजूच्या ऑपरेशननंतर असंच झालं होतं. १९५५ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे मांडलं. ते वाचून स्कोव्हिलनी स्वतःहून पेनफिल्डना कळवलं की असा रुग्ण माझ्याकडेही आहे. मिल्नरबाई त्याला तपासायला हार्टफर्डला गेल्या. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा पेपर १९५७ साली छापून आला. जेमतेम अकरा पानं.

आई, तूही वाचावंस असं त्यात आहे. एप्रिल १९५५ मध्ये त्याला तारीख विचारली, तर म्हणाला मार्च १९५३. वय २७ सांगितलं, होतं २९. बुद्ध्यंक मात्र ११२, ऑपरेशनआधीपेक्षा जास्तच. घरच्यांनी त्याच रस्त्यावर थोडं पुढे घर बदललं होतं, त्याला दहा महिन्यांनीही नवा पत्ता पाठ होईना. तीच मासिकं तो पुन्हा पुन्हा वाचायचा. जेवून अर्धा तास झाला की काय खाल्लं ते सोडाच, जेवलो हेसुद्धा आठवत नसे.

ज्या सर्जनने हे ऑपरेशन केलं, त्यानेच हे छापलं, बाबा. हा उघड उघड प्रयोग होता, हेही लिहिलं. फिट कमी झाल्या एवढंच लिहून त्यांना मोकळं होता आलं असतं. पण पेपर छापून आल्यावर दोन्ही बाजू काढायच्या नाहीत हे इतर सर्जनना कळलं, आणि नवी आठवण साठवायला मेंदूचा कुठला भाग लागतो याचा अभ्यासही खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. पेनफिल्डनी तर आपल्या एका रुग्णाच्या शवविच्छेदनाचा निष्कर्ष १९७४ साली, ऐंशी ओलांडल्यावर, छापला: ज्या बाजूला हात लावला नव्हता तिथला हिप्पोकॅम्पस आधीपासूनच खराब होता. एका बाजूच्या ऑपरेशनने आठवण कशी गेली, याचं उत्तर शेवटी मिळालं. आज ऑपरेशनआधी आम्ही दुसरी बाजू नीट काम करते का ते तपासतो, ते अशाच पेपरांमुळे. याच पेनफिल्डांच्या संस्थेत शिकून जेकब चँडींनी १९४९ मध्ये वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला.

आमच्या पेपरमध्ये फिट थांबलेल्यांचा तक्ता केव्हाच तयार झाला. ज्यांच्या फिट थांबल्या पण ऑपरेशननंतर शब्द पटकन आठवेनासे झाले, त्यांचा तक्ता मी करतेय. प्रत्येकाची आधीची आणि नंतरची चाचणी पुन्हा पाहावी लागते, त्याला वेळ लागतो. तो मी घाईने उरकणार नाही. आकडा लहान राहिला तरी चालेल, बाबा. यात माझं मन लागलंय.

शेजारच्या काकूंच्या नातवाचे रिपोर्ट पाहिले. एमआरआयवरून मी एवढ्या लांबून काही सांगू नये, पण काकूंना इतकं सांगा: पुढच्या वेळी फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा काहीही घालू नका आणि एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढा. मान कुठल्या बाजूला वळते, आधी कुठला हात झटके देतो आणि भानावर आल्यावर किती वेळाने बोलतो, हे डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखान्यात. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, हे आई, तू स्वतः जाऊन सांग. तुझं त्या ऐकतात.

तुमची,
अनघा