गव्हाचा दाणा बारीक का पडतो?

संपादक महोदय,

दाणा बारीक म्हणून गव्हाचा भाव पडला, की आपण बियाण्याला दोष देतो. आमच्या विदर्भात खरं कारण बरेचदा वावरात उभी राहिलेली पराटी, म्हणजे कापसाची झाडं असतात. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही पराटी राखून जादा कापूस घेण्याच्या मोहात वावर डिसेंबरात मोकळं होतं आणि गहू भरायला लागतो तो थेट मार्चच्या उन्हात. भरण्याचे दिवसच आटतात, दाणा सुरकुततो. ओलिताच्या गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा.

नत्र अर्धं पेरताना, उरलेलं साधारण 21 दिवसांनी, पहिल्या ओलिताच्या वेळी. ते कमी पडलं तर दाण्यातली प्रथिनं घटतात, बन्सी या कडक दाण्याच्या गव्हावर पिठूळ पांढरे डाग दिसतात. पण उशिराच्या पेऱ्यावर युरियाचं जादा पोतं ओतून हुकलेली थंडी परत येत नाही, हे कृषी केंद्राच्या काउंटरवर कोण सांगणार?

– एक शेतकरी, जि. वर्धा