नखाखालचे दुखणे आणि टाचणीची परीक्षा

मा. संपादक महोदय,

माझ्या पत्नीच्या उजव्या अनामिकेचे नख सहा वर्षे दुखत होते. सूज नाही, पू नाही. नखाच्या मुळाशी तांदळाएवढा निळसर डाग तेवढा दिसे. मात्र बर्फातले बांगडे धुवायला घेतले की कळ कोपरापर्यंत जाई, आणि डिसेंबरच्या पहाटे नळाखाली हात धरायची तिला धास्ती वाटे. शेजारणींनी नखुरडे समजून लिंबात बोट खोचायला लावले. एका दवाखान्यात मणक्याचा दोष सांगून मानेला पट्टा दिला, तर दुसऱ्या ठिकाणी ‘हे मनाचे दुखणे आहे’ म्हणून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. ते वाक्य तिला दुखण्यापेक्षाही अधिक लागले.

या दुखण्याचे नाव ग्लोमस ट्यूमर. त्वचेतील रक्तप्रवाह कमी-अधिक करून उष्णता राखणारे सूक्ष्म पिंड नखाखाली दाटीने असतात, त्यांच्याच पेशींची ही गाठ. ती जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी, म्हणजे कर्करोगाची नसलेली, आणि बहुधा १ सेंटिमीटरहून लहान असते. परंतु नख आणि हाड यांच्यामध्ये तिला वाढायला जागाच नसल्यामुळे ती कधी कधी बोटाच्या शेवटच्या हाडात खळगा पाडते. १९२४ साली फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ पिएर मासों यांनी तिचे वर्णन केले, म्हणजे ती दुर्मीळ असली तरी वैद्यकाला अनोळखी नाही.

शेवटी ज्या शल्यचिकित्सकांनी निदान केले, त्यांनी टाचणीच्या बोथट टोकाने नख टिपक्याटिपक्याने दाबून पाहिले. एकाच बिंदूवर ती किंचाळली. अर्ध्या सेंटिमीटरवर काहीच नाही. मग हात वर धरून दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, हवा भरून हातातला रक्तप्रवाह थांबवला, तोच बिंदू दाबला, आणि कळ नव्हती. याला पाच मिनिटेही लागली नाहीत. एक्स-रेमध्ये हाड खरवडल्यासारखे दिसले. (एक्स-रे निर्दोष आला म्हणून गाठ नाही, असे मात्र समजू नये.) एमआरआयने जागा नक्की झाली, नख काढून गाठ बाहेर आली आणि सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीने निदानावर शिक्कामोर्तब झाले.

आरोग्य संचालनालयास माझी कळकळीची विनंती आहे की, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना ही टाचणीची परीक्षा आवर्जून शिकवावी. बोटाच्या टोकाशी तीव्र वेदना, एकाच बिंदूवरचा हळवेपणा आणि थंडी न सोसणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर मानेच्या एक्स-रेत वेळ न घालवता रुग्णाला बांबोळीच्या गोमेकॉतील (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील) अस्थिरोग विभागाकडे पाठवावे. रुग्णांनीही एक लक्षात ठेवावे: गाठीचा अंश राहिला तर ती पुन्हा वाढते. म्हणून काढलेली गाठ तपासणीला पाठवल्याची खात्री करून घ्यावी, आणि थंड पाण्याची ती कळ परतली तर पुन्हा लिंबू शोधत न बसता अहवाल घेऊन त्याच शल्यचिकित्सकांकडे जावे.

आपला नम्र,
एक वाचक, डिचोली