चिखलासाठी विकलेली सायकल, चिखलात नेली म्हणून वॉरंटी नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सायक्लोक्रॉस सायकलच्या बॉटम ब्रॅकेटचा वॉरंटी दावा नाकारल्याबाबत

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या सायकलवर मी यंदा सायक्लोक्रॉसचा पहिला मोसम खेळलो. मोसम संपता संपता बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पेडलचा आस फ्रेमच्या तळाशी जिथे फिरतो त्या भागाची, बेअरिंग गंजून जाम झाली. सेवा केंद्राने ‘पाणी व चिखलाचा संपर्क, स्पर्धेत वापर’ असा शेरा मारून दावा नाकारला. हा शेरा मला मान्य नाही.

हा खेळ काय असतो हे आपल्या कंपनीला मी सांगावे, म्हणजे कमालच. चिखल, वाळू आणि चढ असलेल्या छोट्या मार्गावर फेऱ्या मारायच्या. अडथळा आला की उतरायचे, सायकल खांद्यावर घेऊन पळायचे, पुन्हा स्वार व्हायचे. बेल्जियममध्ये कोक्सैदे येथे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर शर्यत होते. २०१२ ची जागतिक स्पर्धा तिथेच झाली. तेव्हा खारी हवा हे कारणही पुढे करू नये.

युरोपात हा मोसम थंडीतला. दापोलीत तेव्हा नुसती धूळ, म्हणून आम्ही हौशी मंडळींनी पावसातच शर्यती लावल्या. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची तांबडी माती, मधेच पाखाडीच्या दगडी पायऱ्या, कधी ओहोटीला कर्द्याचा किनारा. सायकल खांद्यावर घेऊन निसरडी पाखाडी चढताना दम कुठून आणायचा हे मला अजून कळलेले नाही. एका शाळकरी पोराने ‘काका, बाजू द्या’ म्हणत मला मागे टाकले. मी बहुतेक वेळा शेवटच्या काहींतच असायचो, पण मजा पुरेपूर आली.

झीज व्हायची ती झाली. जांभ्याच्या कणांनी ब्रेकचे पॅड भराभर खाल्ले, साखळी गंजली. ते मी माझ्या पैशाने बदलले. बॉटम ब्रॅकेटचे तसे नाही. मेकॅनिकने क्रँक (पेडलचे दांडे) काढून फ्रेम तिरकी केली, तर आतून लाल पाणी ओघळले. सीटपोस्टपाशी (सीटच्या दांड्यापाशी) आणि केबल आत जातात तिथून पाणी शिरणारच. म्हणून तर तळाशी निचऱ्याला भोक ठेवतात. आपल्या फ्रेमला ते नाही. पाणी बेअरिंगपाशीच साचत राहिले. आणि हो, सायकल मी बादली आणि स्पंजानेच धुतो. प्रेशर पंप वापरू नये ही आपल्या पुस्तिकेतली सूचना मी पाळली आहे.

त्याच पुस्तिकेत स्पर्धेतला वापर वॉरंटीतून वगळल्याचे वाक्य बारीक अक्षरांत आहे. मुखपृष्ठावर मात्र ठळक ‘रेससाठी सज्ज’, आणि चित्रातला स्वार पोटऱ्यांपर्यंत चिखलात. इरले विकायचे आणि ते भिजले म्हणून हात वर करायचे, त्यातलाच हा प्रकार.

बॉटम ब्रॅकेट विनामूल्य बदलून द्यावा, मजुरीसह. फ्रेम बदलून द्यावी. ते जमत नसेल तर निचऱ्याचे भोक कंपनीने स्वतः पाडून द्यावे आणि त्यामुळे वॉरंटी रद्द होणार नाही असे लेखी द्यावे. गोड बोलून पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन पाठवू नये.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे फेरी आपल्या माणसाला रत्नागिरीची पडेल. जूनमध्ये पाऊस लागला की आमच्या शर्यती पुन्हा सुरू होतात. सायकल त्याआधी हवी.

आपला ग्राहक,
दापोली, जि. रत्नागिरी

सोबत: बिलाची प्रत, सेवा केंद्राचा शेरा, उघडलेल्या बॉटम ब्रॅकेटचे फोटो