सायकलला किती अंतर सोडायचं, ते नियमात लिहा

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी घोडबंदर रस्त्यावर पेपरची लाइन चालवतो. पहाटे गठ्ठे उतरले की पुरवण्या भरायच्या आणि मुलांनी सायकली काढायच्या, हा आमचा धंदा. मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंतच्या सोसायट्यांत लोक उठायच्या आत पेपर पडावा लागतो. ही मुलं कॉलेजात शिकतात, फीचे पैसे यातूनच काढतात. त्यांच्या जिवासाठी आपल्याला लिहितो आहे, कारण खातं आपलं आहे आणि ओवळा-माजिवडा हा मतदारसंघही आपलाच आहे.

पहाटेच्या अंधारात या रस्त्यावर गुजरातच्या दिशेने निघालेले कंटेनर असतात आणि डाव्या कडेला सायकली. पाववाले, दूधवाले, रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन आणि आमची मुलं. हेल्मेट घालून गायमुखकडे जाणारे हौशी सायकलस्वारही असतात, त्यांचाही रस्त्यावर तेवढाच हक्क आहे. पण पोटासाठी सायकल मारणारा माणूस रस्त्याच्या आराखड्यात कुणी धरलेलाच नाही, हे मला फार लागतं.

कंटेनर खेटून गेला की काय होतं, ते सांगतो. आधी त्याच्यापुढची हवा सायकलला बाहेर ढकलते. मुलगा हँडल सावरतो न सावरतो, तोच ट्रेलरची शेपटी येते आणि तीच हवा त्याला आत ओढते. कॅरियरवर गठ्ठा, हँडलला दोन्ही बाजूंना पिशव्या. अशी सायकल वीतभर हलली तरी आवरत नाही. कडेला डांबर संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथे खाच असते, चाक त्यात गेलं की माणूस आडवाच. वळणावर याहून वाईट. ट्रेलरची केबिन लांबून वळते, पण मागची चाकं कडेला चिकटून आत येतात. केबिन पुढे गेली म्हणजे गाडी गेली असं सायकलवाल्याला वाटतं, आणि तेवढ्यात चाकं अंगावर आलेली असतात. यासाठीच अवजड गाड्यांना बाजूने लोखंडी गार्ड लावायचा नियम आहे. आमच्या रस्त्यावर रोज असे ट्रेलर दिसतात, ज्यांचे गार्ड वाकलेले आहेत किंवा नाहीतच. फिटनेसचा दाखला आपल्याच खात्याकडून मिळतो. एवढी एक गोष्ट दाखला देण्याआधी काटेकोरपणे पाहिली गेली, तरी काही जीव वाचतील.

गेल्या पावसाळ्यात पातलीपाड्याजवळ एका टेम्पोचा आरसा आमच्या मुलाच्या खांद्याला लागला. तो पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, ओले पेपर रस्ताभर झाले. चौकीत टेम्पोवाला म्हणाला, ‘मी पुरेसं अंतर सोडलं होतं, हाच घसरला.’ पुरेसं म्हणजे किती, हे ना त्याला सांगता आलं ना हवालदाराला. शेवटी मुलगा घसरून पडला, असंच लिहिलं गेलं. त्याचं ते वर्ष वाया गेलं.

माझं म्हणणं या एका जागी येऊन थांबतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये नियम मोडून ओव्हरटेक करणं हे धोकादायक ड्रायव्हिंग धरलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. शिक्षा आहे, पण सायकलला ओलांडताना किती अंतर सोडायचं याचा आकडा नाही. आकडा नसेल तर पोलिसाने मोजायचं काय आणि कोर्टात दाखवायचं काय? जर्मनीने २०२० मध्ये शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असं स्पष्ट लिहिलं. फ्रान्समध्ये शहरात एक मीटर, बाहेर दीड. दीड मीटर म्हणजे आडव्या सायकलच्या लांबीहूनही थोडं कमीच. हे मागणं जास्तीचं नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १३८ (१अ) खाली पायी चालणारे आणि इंजिन नसलेली वाहनं यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्याला मिळाला आहे. हे नियम सहा महिन्यांत करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्व राज्यांना दिला. त्या नियमांत दीड मीटर लिहा. हा विषय केंद्राचा आहे असं विधी विभागाचं मत पडलं, तर राज्याची लेखी शिफारस दिल्लीला पाठवा.

मला एक भीतीही आहे. सायकलींचं नियमन करा म्हटलं की सगळ्यात सोपा मार्ग बंदीचा असतो. सी लिंकवर सायकल नाही, अटल सेतूवर नाही. उद्या घोडबंदरच्या मुख्य रस्त्यावरही नाही म्हणाल, तर पाववाल्याने जायचं कुठून? इथे सर्व्हिस रोडच मुख्य रस्त्यात मिसळायला घेतले आहेत. सायकलला जी काही जागा होती, ती तीच होती. रस्ता रुंद करायला माझा विरोध नाही, पण कडेला सायकलची पट्टी आधी आखा आणि ती पार्किंगला देऊ नका.

२८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे नेरूळमध्ये पाम बीच रस्त्यावर सायकलवर असलेल्या अवतार सैनी यांना टॅक्सीने धडक दिली. इंटेल इंडियाचे ते माजी प्रमुख, वय ६८. ते गेले. ती बातमी आम्हीच सायकलवरून घरोघर टाकली. देशात दरवर्षी चार हजारांहून जास्त सायकलस्वार रस्त्यावर मरतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला दोन ओळीही येत नाहीत. पेपर विकणाऱ्याला हे दिसतं.

कायद्याप्रमाणे नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो. तो मराठीत, सोप्या भाषेत काढा आणि हरकती-सूचनांना पूर्ण मुदत द्या. आमच्या सूचना आम्ही लिहून ठेवल्या आहेत. मसुदा निघाला की त्याच आठवड्यात विक्रेते आणि मुलं मिळून त्या आपल्या कार्यालयात आणून देऊ.

आपला,
घोडबंदर रस्ता, ठाणे येथील एक वृत्तपत्र विक्रेता