तिला आधी सांग

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी एकदम गप्प झाले, ते तुला खटकलं असणार. मी रागावले नव्हते. पण घाईघाईत चार शब्द बोलून मोकळं व्हावं असा तो विषय नव्हता, म्हणून आज लिहायला बसले आहे.

तू तुझ्या डिप्लोमा फिल्ममधला प्रसंग सांगत होतास. दोघं भांडतात, मग जवळ येतात. पटकथेत नुसती मिठी आहे. शॉटमध्ये मात्र तो तिचं चुंबन घेणार, आणि हे त्याला माहीत असेल, तिला नाही. "तिच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते खरं असेल, आई." फोन स्पीकरवर होता. ताई नुकतीच ट्रॅकवरून आली होती, स्पाइक्सच्या नाड्या सोडत बसली होती. तिथूनच ती ओरडली, "आणि तिला ते नको असेल तर?" मग तुमची जुंपली. शेवटी तू म्हणालास, "तुमच्या खेळात तर बायकांच्या शरीराच्या सरळ तपासण्या होतात, तेव्हा कोण विचारतं?" ताई काही न बोलता आत गेली.

तो प्रश्न तू चिडून विचारलास, पण प्रश्न खरा आहे. त्याच्याकडे येते. आधी सिनेमाचं बोलू.

तुला जे सुचलं आहे ते एका मोठ्या दिग्दर्शकाला तुझ्या आधी सुचलं होतं. 1972 सालचा 'लास्ट टँगो इन पॅरिस'. त्यातली नटी मारिया श्नायडर 19 वर्षांची होती, नट मार्लन ब्रँडो 48 चा. त्यातल्या बलात्काराच्या प्रसंगात लोणी कसं वापरायचं हे ब्रँडो आणि दिग्दर्शक बर्तोलुची या दोघांनी आपसात ठरवलं आणि तिला आधी सांगितलं नाही. संभोग खोटाच होता, अभिनयच होता. पण तिचे अश्रू खरे होते, असं तिनेच पुढे सांगितलं. आपला अपमान झाला असं तिला वाटलं होतं. 2013 मध्ये बर्तोलुचीने कबूल केलं की त्याला तिची प्रतिक्रिया नटी म्हणून नव्हे, मुलगी म्हणून हवी होती. अपराधी वाटतं म्हणाला, पश्चात्ताप नाही म्हणाला. तोवर मारिया जाऊन दोन वर्षं झाली होती.

हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? नटीकडून तिचा अभिनयच काढून घेतला. ती तिथे काम करायला आली होती. रडणं हे तिचं काम होतं, तिला ते करता आलं असतं. तिच्यावर विश्वास नव्हता, म्हणून तिला खरंच रडवलं. तू ज्याला 'खरं' म्हणतोस ते मला कामातला आळस वाटतो, बाळा. आणि तू आळशी मुलगा नाहीस.

माझा विरोध शृंगाराला आहे असं मात्र समजू नकोस. 1998 साली 'फायर' लागला आणि दोन बायकांचं प्रेम दाखवलं म्हणून थिएटरांच्या काचा फुटल्या, तेव्हाही मला त्या काचा फोडणाऱ्यांचाच राग आला होता. शबाना आझमी आणि नंदिता दास यांना आपण काय करतो आहोत हे पुरतं ठाऊक होतं. सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि पुढच्या वर्षी एकही कट न घेता परत लागला. पडद्यावर दोन माणसं एकमेकांच्या जवळ येतात हे मला कधीच घाण वाटलं नाही. पडद्यामागे काय घडलं त्यावर सगळं अवलंबून आहे. 2013 मध्ये 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर'ला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, दिग्दर्शकाबरोबर दोन्ही अभिनेत्रींनाही दिला गेला, आणि काही महिन्यांतच त्या दोघी म्हणाल्या की या माणसाबरोबर पुन्हा काम करणार नाही. म्हणजे सिनेमा चांगला होऊ शकतो, पुरस्कारही मिळू शकतो. माझं म्हणणं त्यानं खोडलं जात नाही.

आता सेटवर इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीचे प्रसंग नटनट्यांशी बोलून बसवणारी माणसं असतात, हे तू माझ्याहून जास्त जाणतोस. मारामारीचा प्रसंग जसा बसवतात तसाच हा बसवायचा: हात कुठून कुठे जाईल, किती वेळ राहील, कुठे अजिबात लागायचा नाही. कपड्यांच्या आत कातडीच्या रंगाच्या पट्ट्या, दोन शरीरांमध्ये छोटी उशी, सेटवर मोजकीच माणसं. तलवारबाजीत नटाला आधी न सांगता खरा वार कर, असं तू म्हणशील का?

आता खेळ.

ताईच्या 800 मीटरचंच घे. पुरुषांचा विक्रम 1:40.91, बायकांचा 1:53.28, आणि तोही 1983 पासून कुणाला मोडता आलेला नाही. दोघांना एकाच ट्रॅकवर पळवलं तर तो रेषा ओलांडेल तेव्हा ती शेवटच्या वळणातून नुकती बाहेर पडत असेल. अख्खी सरळ पट्टी तिच्यापुढे उरलेली असेल. हा फरक मेहनतीचा नाही. वयात येताना मुलाच्या अंगात जे घडतं त्याचा आहे. म्हणून बायकांचा वेगळा गट, आणि गट म्हटला की त्याला कुंपण आलंच. ते मला हवं आहे. ते नसेल तर ताई पहाटे उठून जे करते त्याला काही अर्थ राहत नाही.

पण हे कुंपण घातलं कसं ते बघ. 1966 मध्ये बुडापेस्टच्या युरोपियन स्पर्धेत खेळाडू मुलींना डॉक्टरांसमोर नागडं उभं केलं. 1968 पासून ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी आली. 1985 मध्ये स्पेनची मारिया होसे मार्टिनेझ पॅटिन्यो हिच्या चाचणीत एक्सवाय, म्हणजे एरवी पुरुषांत असणारी गुणसूत्रं निघाली. तिच्या शरीराला पुरुषी हार्मोन लागूच पडत नव्हता, फायदा शून्य. तरी तिला सांगितलं, दुखापतीचं नाटक कर आणि बाजूला हो. तिनं पुढे ते ऐकलं नाही, तर बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, ठरलेलं लग्न मोडलं. 1988 मध्ये तिला परत घेतलं, पण धावायची वर्षं निघून गेली होती. आपल्या शांती सौंदराजनचं 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं रौप्यपदक अशाच चाचणीनंतर काढून घेतलं, तेही 800 मीटरचंच. धावपटू द्युती चंदला अंगात पुरुषी हार्मोन जास्त म्हणून 2014 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर वगळलं, तेव्हा ती 18 वर्षांची होती. हार्मोन कमी करून घे, मग धाव, असं तिला सांगितलं गेलं. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि 2015 मध्ये तो नियमच स्थगित झाला. पुढे नियम पुन्हा आले, आणखी कडक होत गेले. 2025 पासून जागतिक स्पर्धेत बायकांच्या गटात उतरायचं तर आयुष्यात एकदा जनुकाची चाचणी द्यावी लागते. गालाच्या आतून बोळा फिरवतात किंवा रक्त घेतात.

हे सगळं मी शहाणपणानं सांगत नाही. तुम्हा दोघांना कधी न सांगितलेली एक गोष्ट आहे.

विद्यापीठाच्या एका स्पर्धेत मी 800 मीटरला चौथी आले होते. पहिली आलेली मुलगी उंच, सपाट छातीची, आवाज जाडा. आम्ही तिघी-चौघी कुजबुजलो. कोचकडे जाऊन तोंड मी उघडलं, "सर, ती मुलगी वाटत नाही." थोड्या वेळानं एक बाई तिला हाताला धरून स्टेडियमखालच्या खोलीत घेऊन गेल्या. ती बाहेर आली तेव्हा स्पाइक्स हातात होते आणि पाठीवरच्या नंबराची एक पिन सुटून कागद लोंबत होता. ती कुणाकडे न बघता पिशवी उचलून गेटबाहेर गेली. आत काय पाहिलं, कुणी पाहिलं, काय ठरवलं, कुणीच सांगितलं नाही. नावं पुकारली तेव्हा मी तिसरी होते.

निळ्या फितीचं ते कांस्यपदक म्हणजे तेच. लहानपणी तू दिग्दर्शक व्हायचास तेव्हा ताईच्या गळ्यात घालायचास ते.

तक्रार करायचा मला हक्क होता का? हो, असंच मला आजही वाटतं. नियम असेल तर विचारता आलं पाहिजे. पण मी ज्या रीतीनं विचारलं आणि पुढे जे झालं, त्यात तिला एक शब्दही कुणी विचारला नाही. तिचं शरीर हा आमचा सगळ्यांचा विषय झाला आणि बोलायची बंदी फक्त तिला. रात्री ताईला हे सांगितलं. ती बराच वेळ छताकडे बघत पडून होती. मग म्हणाली, "माझी चाचणी करायची वेळ आली तर मी देईन आई. पण आधी समजावून सांगा, डॉक्टर माझ्याशी बोलू दे, आणि निकाल पहिल्यांदा माझ्या हातात येऊ दे. पेपरात नको."

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे: नाही, तिथेही पुष्कळदा विचारलं नाही. मीही विचारलं नाही. म्हणून तुझ्या सेटवर ते चालेल, असं त्यातून निघत नाही.

त्या मुलीला या आठवड्यातच पूर्ण प्रसंग सांग. एकटीला गाठून नको, तिच्या ओळखीचं कुणी सोबत असू दे, म्हणजे नाही म्हणताना तिला जड जाणार नाही. ती नाही म्हणाली तर चुंबनाशिवाय तो शॉट कसा घेशील, ते आजच कागदावर काढ. तो कागद मला पाठव. ताईलाही बघायचा आहे.

तुझी,
आई