सेशन संपलं म्हणून माणूस नवा होत नाही

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

फोनवर ‘थँक्यू’ म्हणून भागलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. जावात वेबचं काम करणारा आणखी कुणी ‘पहिल्यांदा आलेला कोण आणि मुदत संपून परत आलेला कोण, हे साइटने ओळखायचं कसं’ इथेच अडला असेल, तर त्याचंही काम होईल.

शिमग्याला तुम्ही गावी येता ते पालखीसाठी. त्यात मी लॅपटॉप घेऊन तुमच्या पडवीत ठाण मांडलं, तरी तुमच्या कपाळावर आठी नाही. मी सांभाळतो त्या संस्थेच्या साइटबद्दल आमच्या आंबा बागायतदारांची तक्रार एका ओळीची होती: ‘साइट आम्हाला ओळखत नाही.’ पावसकडचे एक काका पेट्यांची नोंद भरायला बसायचे. कुणाला किती डझन, कुठला पत्ता, गाडी कधीची. तेवढ्यात बागेतून हाक यायची. काढणी बघून तासाभराने परत येऊन ‘जतन करा’ दाबलं की समोर पान: ‘आपलं स्वागत आहे, नवीन नोंदणी करा.’ बिचारे करायचेही! एकेका माणसाची दोन-दोन खाती झाली, आणि पेट्या कुठल्या खात्यावर धरायच्या यावरून ऐन हंगामात वाद.

जो तो मला सांगत होता, सेशनची (म्हणजे आलेल्या माणसाची सर्व्हरने ठेवलेली तात्पुरती ओळख) वेळ वाढव. टॉमकॅटची (आमची साइट चालवणारा जावाचा सर्व्हर) मुळातली ३० मिनिटं आहेत, ती चार तास कर, विषय संपला. तुम्ही एवढंच विचारलंत, “आणि वळवाच्या पावसात लाईट गेली की?” सर्व्हर संस्थेच्या ऑफिसातच आहे. इन्व्हर्टरने मान टाकली की मेमरीतली सगळी सेशन्स गेली, मग मुदत चार तासांची असो नाहीतर चाळीस.

मग तुम्ही आधीच्या माणसाने लिहिलेला कोड उघडलात. तो सुरुवातीलाच ‘गेट सेशन’ मागायचा आणि मिळालेल्या सेशनला ‘इज न्यू’, म्हणजे ‘तू नवं का?’, असं विचारायचा. जुनं सेशन नसेल तर ‘गेट सेशन’ गुपचूप नवं बनवून देतं. मुदत संपलेल्यालाही नवं, पहिल्यांदा आलेल्यालाही नवं, आणि ‘इज न्यू’चं उत्तर दोघांसाठी ‘हो’च. तिथे कितीही शोधलं तरी फरक सापडणार नव्हता. तुम्ही म्हणालात, “अरे, गेल्या हंगामाची पावती हातात घेऊन आलेला माणूस नवखा कसा? पावती बघ ना आधी.”

ती पावती म्हणजे जेसेशनआयडीची कुकी, ब्राउझरने जपून ठेवलेला सेशनचा क्रमांक. सर्व्हरवर सेशन मेलं तरी ब्राउझरला त्याचा पत्ता नसतो, तो जुनाच क्रमांक पाठवत राहतो. ‘गेट रिक्वेस्टेड सेशन आयडी’ने तो क्रमांक वाचायचा. ‘नल’ (रिकामं उत्तर) आला तर ब्राउझरने काहीच आणलेलं नाही, म्हणजे पाहुणा नवा. क्रमांक आला, पण ‘इज रिक्वेस्टेड सेशन आयडी व्हॅलिड’ नाही म्हणालं, तर माणूस आधी येऊन गेलाय आणि त्याचं सेशन संपलंय. दोन ओळींची अट. सगळ्यात पुढच्या फिल्टरमध्ये (पानाच्या आधी प्रत्येक विनंती तपासणारा कोड) टाकली आणि काकांना नोंदणीऐवजी लॉगिनचं पान दिसू लागलं, वर ‘बराच वेळ हालचाल नव्हती, पुन्हा आत या’ अशी पाटी.

बहुतेक जण इथे लॅपटॉप मिटून पालखीच्या मागे गेले असते. (ढोल वाजायला लागले होते, मलाही राहवत नव्हतं.) तुम्ही मात्र बसून ही अट कुठे फसेल ते दाखवलंत, आणि माझे खरे आभार त्यासाठी आहेत. कुणी नीट लॉगआउट केलं तर ‘इनव्हॅलिडेट’ने सेशन जातं, पण कुकी ब्राउझरमध्येच राहते. तोच माणूस पुन्हा आला की त्याला उगाच ‘तुमचं सेशन संपलं’ ऐकावं लागणार. म्हणून लॉगआउट करतानाच त्याच पाथची (साइटवरच्या त्याच पत्त्याची) कुकी शून्य मुदतीने परत पाठवायची, म्हणजे ब्राउझर ती पुसतो. दुसरं, जेएसपीचं (सर्व्हरवर जावाने तयार होणारं) पान न सांगता सेशन उघडतं. नुसतं लॉगिनचं पान बघून चहाला गेलेला माणूसही परत आल्यावर ‘मुदत संपलेला’ ठरतो. त्या पानावर ‘सेशन फॉल्स’, म्हणजे ‘सेशन नको’, लिहिलं आणि तो घोळ मिटला.

फॉर्म मधूनमधून आपोआप जतन व्हायचा, तिथे तर गंमतच होती. मागून गेलेल्या विनंतीला लॉगिनच्या पानावर वळवलं जायचं आणि २०० (‘सगळं ठीक’चा कोड) घेऊन ते अख्खं पानच उत्तर म्हणून यायचं; स्क्रिप्टला वाटायचं, झालं जतन! आता अशा विनंतीला सरळ ४०१ (‘आधी लॉगिन करा’चा कोड) जातं.

एक गोष्ट मी ऑफिसात सगळ्यांना तुमच्याच शब्दांत सांगतो: पावतीवरून ‘हा ब्राउझर आधी आला होता’ एवढंच कळतं, ‘कोण’ ते नाही. कुकी पुसली किंवा मुलाच्या फोनवरून साइट उघडली, तर काका पुन्हा नवे पाहुणेच. त्यामुळे नोंदणीच्या पानावर आता आधी मोबाइल नंबर विचारतो. जुना निघाला तर लॉगिनकडे पाठवतो. दुहेरी खाती जोडायचं काम अजून चालू आहे, ते हातानेच करावं लागतंय.

मे महिन्यात याल तेव्हा आधी कळवा, पेटी बाजूला काढून ठेवतो. आणि लॅपटॉप आणणारच आहे, हेही आत्ताच सांगून ठेवतो. ‘मला लक्षात ठेवा’चा चौकोन आता सगळ्यांना हवाय.

तुमचा,
पडवीतला शिष्य